मलमाचा जोर आणि ट्यूबवरचा आकडा

त्वचेच्या दुखण्यांसाठी बीड जिल्ह्याच्या बोलीत नेमके शब्द आहेत: लाल होऊन पाझरणारे किंवा कोरडे पडून भेगाळणारे ते इसब, उठावदार कडेने गोल पसरत जाणारा तो नायटा, आणि रात्री झोपू न देता घरातल्या सगळ्यांना लागणारी ती खरूज. नायट्यावर टाकळ्याचा पाला आणि खरजेवर गंधक लावण्याच्या जुन्या रीतीत गुण किती येई हा प्रश्न वेगळा, पण दुखणे ओळखल्याशिवाय औषध निवडता येत नसे. स्टेरॉइड मलमांनी ही अट नकळत काढून टाकली, कारण खाज कशाचीही असो, ती या मलमांनी काही काळ थांबते.

शरीरातील अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांपासून ही औषधे निघाली. १९४८ साली कॉर्टिसोनने संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागले, परंतु तेच त्वचेवर चोळून उपयोग होईना, कारण यकृतात त्याचे हायड्रोकॉर्टिसोन झाल्यावरच ते काम करते. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनच थेट मलमातून वापरले आणि इसबाची सूज उतरली. पुढे रेणूत फ्लोरिनसारखे अणू जोडून अधिक जोरकस औषधे घडवली गेली, साठच्या दशकात बीटामेथासोन व्हॅलरेट आणि सत्तरच्या दशकात सर्वांत तीव्र गटातले क्लोबेटासोल बाजारात आले.

त्यांची तुलना करण्याची रीत १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी घालून दिली. स्टेरॉइडमुळे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसून ती जागा फिकट पडते, म्हणून निरोगी माणसाच्या हातावर औषध लावून फिकटपणा किती येतो हे पाहायचे, अशी ही साधी कसोटी होती, आणि सौम्यापासून अतितीव्रापर्यंतची उतरंड बव्हंशी तिच्यावर उभी राहिली. तिचा सर्वांत महत्त्वाचा धडा ट्यूबवर मात्र कधीच वाचता आला नाही: ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस असते, म्हणजे टक्केवारी हे शक्तीचे माप नव्हे. तळहातावरच्या जाड, जुनाट इसबाला जे मलम लागते, तेच पापणीवर किंवा जांघेत दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ पडते आणि जांघेत कायमचे व्रण उमटतात.

पन्नासच्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवत शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि पापण्यांवर इसब उठवते. अशा दाहावर योग्य जोराचे स्टेरॉइड, देखरेखीखाली वापरले तर, खरोखर उपकारक ठरते. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याची, म्हणजे एकत्र तोडणी करणाऱ्या जोडप्याची, अवस्था वेगळी असते. पाचटाच्या धारेपासून वाचण्यासाठी बाई साडीवर पुरुषी सदरा चढवते, त्यात दिवसभर घाम मुरतो, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, अंघोळीचे पाणी अपुरे, आणि कमरेला व जांघेत बुरशीचा नायटा धरतो. खाडा परवडत नसल्याने जवळच्या औषध दुकानातली, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब सोयीची वाटते, यात त्या बाईचा दोष काढणे अन्यायाचे आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. हे पाऊल फार उशिराचे होते.

स्टेरॉइडने खाज निवते, परंतु स्थानिक प्रतिकार मंदावल्याने बुरशी आत बिनबोभाट वाढते आणि नायट्याची ओळख सांगणारी उठावदार कडच विरून जाते. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स यांनी या रूपाला अज्ञातवासातला नायटा अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. असा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचला की चट्ट्यावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला जातो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले म्हणजे गावाकडच्या म्हातारीने कडा पाहून सांगितले असते तेच नाव चिठ्ठीवर येते.