शाळेच्या फाटकाबाहेरची शिवी

एक सूचना आधीच देतो. आजच्या भागात एक शिवी सारखी येणार आहे आणि मी ती एकदाही उच्चारणार नाहीये. इंग्रजीतली, चार अक्षरांची, 'एफ'वरून सुरू होणारी. तुम्हाला कळली. पुढे जाऊ.

मे 2017. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्कूलकिल नावाचा एक जिल्हा आहे. कोळशाच्या खाणींचा भाग. नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे. तिथल्या महानॉय सिटी गावात ब्रँडी लेव्ही नावाची 14 वर्षांची मुलगी सरकारी शाळेत नववीत होती. तिने चिअरलीडिंगच्या मुख्य टीमसाठी निवड चाचणी दिली. जागा मिळाली नाही, पुन्हा ज्युनिअर टीमच. वर तिच्याहून एक वर्ष मागे असलेली मुलगी थेट मुख्य टीममध्ये गेली. डोकं फिरणारच.

शनिवारी ती मैत्रिणीबरोबर कोको हट नावाच्या दुकानात होती. तिथे दोघींनी मधलं बोट दाखवत फोटो काढला आणि ब्रँडीने तो स्नॅपचॅटवर टाकला. खाली ओळ: शाळा, सॉफ्टबॉल, चिअर आणि सगळंच. या चारही शब्दांच्या आधी तीच शिवी. साधारण 250 जणांना दिसेल आणि 24 तासांत गायब होईल असा तो स्नॅप होता.

पण गायब होतंय कसलं! कुणीतरी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला. तो टीममधल्या मुलींमध्ये फिरला आणि कोचपर्यंत पोहोचला. टीमचे नियम होतेच, घाणेरडी भाषा नको, इंटरनेटवर टीमची बदनामी नको. ब्रँडीने माफी मागितली. तरी शिक्षा कायम राहिली: पूर्ण वर्षभर टीमच्या बाहेर.

तिच्या आईवडिलांनी फेडरल कोर्टात दावा लावला. आता तुम्ही म्हणाल, एका स्नॅपसाठी कोर्ट? जरा अति नाही का होत? मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण प्रश्न शिवीचा नव्हताच. प्रश्न होता, शनिवारी दुकानात उभ्या असलेल्या मुलीवर शाळेची सत्ता चालते का? आणि हा प्रश्न समजायचा तर ऐंशी-एक वर्षं मागे जावं लागतं.

त्याच जिल्ह्यातली दोन गप्प मुलं

1935. जिल्हा तोच, स्कूलकिल. गाव मायनर्सव्हिल. 12 वर्षांची लिलियन आणि 10 वर्षांचा विल्यम ही गोबिटास कुटुंबातली बहीण-भाऊ. कुटुंब यहोवाज विटनेसेस पंथाचं. शाळेत रोज सकाळी झेंड्याला सलामी द्यायची आणि देशनिष्ठेची शपथ म्हणायची. या मुलांनी सलामी दिली नाही. देवाशिवाय कशालाच वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. दंगा नाही, शिवी नाही. नुसती गप्प राहिली, आणि शाळेने काढून टाकलं.

केस सुप्रीम कोर्टात गेली. 1940 मध्ये निकाल लागला, 8 विरुद्ध 1, मुलांच्या विरोधात. राष्ट्रीय ऐक्यासाठी शाळा एवढी सक्ती करू शकते, असं कोर्ट म्हणालं. त्यानंतर देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. आणि तीनच वर्षांत कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. 14 जून 1943, वेस्ट व्हर्जिनियाची बार्नेट केस, 6 विरुद्ध 3. दुसरं महायुद्ध ऐन भरात आणि तारीख अमेरिकेच्या ध्वजदिनाची! न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा सारांश असा: कुठलाही अधिकारी, मग तो मोठा असो की छोटा, नागरिकांनी काय मानायचं हे ठरवू शकत नाही, आणि जबरदस्तीने वदवूनही घेऊ शकत नाही.

काळी पट्टी चालेल, ते जॅकेट नाही

पुढचा टप्पा 1965, आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर. 13 वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन आणि त्याचा मित्र ख्रिस्तोफर एकहार्ट व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेले. तिघंही निलंबित. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला: शाळेच्या फाटकातून आत जाताना मुलं आपला बोलण्याचा हक्क बाहेर ठेवून येत नाहीत. रोखायचं असेल तर शाळेच्या कामात खराखुरा, ठळक अडथळा येतोय हे दाखवा. नुसती भीती पुरणार नाही. या निकालात आधार कुणाचा? बार्नेटचा. गप्प राहिलेल्या मुलांचा.

मधल्या काळात शिवीसुद्धा कोर्टात येऊन गेली होती. 1968 मध्ये पॉल कोहेन नावाचा तरुण लॉस एंजेलिसच्या कोर्टाच्या इमारतीत जॅकेट घालून फिरला. जॅकेटवर सक्तीच्या सैन्यभरतीला तीच चार अक्षरी शिवी. त्याला 30 दिवसांची कैद झाली. 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 अशी ती रद्द केली. म्हणजे मोठ्या माणसाची राजकीय शिवी सुरक्षित झाली.

मग विद्यार्थ्याची? एप्रिल 1983, वॉशिंग्टन राज्य, बेथेल हायस्कूल. सुमारे 600 विद्यार्थ्यांसमोर मॅथ्यू फ्रेझरने मित्राच्या निवडणुकीसाठी भाषण ठोकलं. त्यात थेट शिवी एकही नव्हती, पण भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत द्वयर्थी. अगदी आपल्या जुन्या द्वयर्थी सिनेमांच्या वळणाचं म्हणा. हॉलमध्ये शिट्ट्या. फ्रेझर तीन दिवसांसाठी निलंबित, आणि पदवीदान समारंभाच्या वक्त्यांच्या यादीतून नावही कट. (गंमत म्हणजे मुलांनी मतपत्रिकेवर स्वतःहून त्याचं नाव लिहून त्यालाच निवडून दिलं.) 7 जुलै 1986 रोजी सुप्रीम कोर्टाने शाळेच्या बाजूने कौल दिला. शाळेच्या कार्यक्रमात, शाळेच्या मंचावर अशी भाषा शाळा रोखू शकते. सभ्यपणे कसं बोलायचं, हे शिकवणंही शाळेचंच काम. थोडक्यात, टिंकरची पट्टी चालेल, कोहेनचं जॅकेट नाही.

त्याच उन्हाळ्यात, केरळमध्ये

आता इथे भारत येतो, आणि ओढूनताणून नाही. जुलै 1985 मध्ये केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. तीही यहोवाज विटनेसेस पंथाची. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हा निकाल 11 ऑगस्ट 1986 चा, म्हणजे फ्रेझरच्या निकालानंतर जेमतेम महिन्याने. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात मायनर्सव्हिलची आणि बार्नेटची, दोन्ही प्रकरणं तपासली. मुलं परत शाळेत घ्या, असा आदेश निघाला.

पण मला त्यातला एक बारीक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षण खात्याने परिपत्रकं काढली होती. कोर्ट म्हणालं, कलम 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर कायदा लागतो. खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. पुढच्या वेळी कुणी 'वरून सर्क्युलर आलंय' म्हणालं, की हे आठवा.

मग फाटक नेमकं कुठे आहे?

परत ब्रँडीकडे येऊ. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना 'स्कोप' माहीत असतो. फंक्शनच्या आत तयार केलेला व्हेरिएबल फंक्शनच्या बाहेर चालत नाही. शाळेच्या सत्तेलाही असा स्कोप हवा. 1969 मध्ये तो सोपा होता, फाटक म्हणजे फाटक. पण मोबाइल खिशात आल्यावर फाटक कुठे उरलं?

23 जून 2021 रोजी निकाल लागला. 8 विरुद्ध 1, ब्रँडीच्या बाजूने. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी तीन कारणं दिली. एक, घरी आणि सुट्टीच्या दिवशी मुलांची जबाबदारी पालकांची असते, शाळेची क्वचितच. दोन, शाळा आत आणि बाहेर दोन्हीकडे लक्ष ठेवू लागली, तर मुलाला चोवीस तासांत मोकळं बोलायला एक मिनिटही उरत नाही. तीन, न आवडणारं मत जपणं हे खुद्द शाळेच्याच हिताचं आहे, कारण लोकशाहीची रोपं तिथेच वाढतात. आणि तो 'अडथळा'? बीजगणिताच्या तासाला दोन-एक दिवस पाच-दहा मिनिटं चर्चा. बस्स!

हेही नीट ऐका: कोर्टाने बाहेरचं सगळंच माफ केलेलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा गंभीर छळ, शिक्षकांना किंवा मुलांना धमक्या, अशा बाबतीत शाळा हस्तक्षेप करू शकते. आणि हीच शिवी ब्रँडीने शाळेच्या सभेत दिली असती, तर फ्रेझरचा निकाल आडवा आला असता. शब्द तेच, जागा वेगळी. शिवाय हे हक्क मुळात सरकारविरुद्ध असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या खासगी शाळांना ते तसे लागू होत नाहीत.

मला यातून काय मिळालं ते सांगतो. लिलियन आणि विल्यमबद्दल आपल्याला आदर वाटतो. ब्रँडीच्या स्नॅपबद्दल आदर वाटण्यासारखं काहीच नाही. पण बार्नेटवर टिंकर उभा आहे आणि टिंकरवर ब्रँडी. श्रद्धेने गप्प राहणारा आणि वैतागून शिव्या देणारी, दोघांना एकाच दारातून आत यावं लागतं. 'फालतू बोलणाऱ्यांसाठी' ते दार बंद केलं की गप्प उभं राहणारी मुलंही बाहेर अडकतात. कारण फालतू काय, हे ठरवणारा दरवेळी खुर्चीवर बसलेला असतो.

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर, होस्टेलच्या ग्रुपवर कुणाचा तरी स्क्रीनशॉट 'वर' जातो, तेव्हा दोन प्रश्न विचारून बघा. हे कुठे बोललं गेलं? आणि यामुळे खरंच काय अडलं? दुसऱ्याचं उत्तर 'पाच-दहा मिनिटं चर्चा झाली' एवढंच असेल, तर शिक्षेची गरज नाही. फार तर कुणीतरी शेजारी बसून म्हणावं, 'अगं, जरा जपून लिही.'

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. आणि हो, कमेंट करताना भाषा तुमची तुम्ही ठरवा!