खणाखणाने घर : मराठवाड्यातील माळवदाच्या दुरुस्तीचा इतिहास

मराठवाड्यात घर केवढे आहे हे सांगताना जुनी माणसे चौरस फुटांचा हिशेब करीत नसत. घर पाच खणांचे असे, सात खणांचे असे. दोन खांबांच्या, दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर बांधायचे, वाढवायचे, भावाभावांत वाटायचे किंवा दुरुस्त करायचे, माप तेच. एकेक खोली हाती घेऊन पडके घर नीट करणे ही आज नवी वाटणारी रीत माळवदाच्या बांधणीतच होती. ती कशी चालत असे, कशी मोडली, १९९३च्या भूकंपानंतर तिला पुन्हा उभे करण्याचा केवढा प्रयत्न झाला आणि त्यातून काय हाती लागले, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

नांदेडहून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागले की विष्णुपुरी येते. आज हे नाव धरणामुळे, १९८१ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामुळे सर्वांना ठाऊक आहे. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ची, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पुरे होण्याआधीची. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हे त्याचे कार्यक्षेत्र. माळवदांचाही मुलूख हाच. विष्णुपुरीत शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलांच्या गावी अजून एखादे बंद, अर्धे ढासळलेले, दोन-तीन खणच वापरात असलेले जुने घर उभे आहे. त्याचे करायचे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ इतिहासाचा नाही.

भिंत आणि सांगाडा

माळवद वरून दिसते साधे, पण त्याची रचना दुहेरी आहे. आत सागवानी किंवा बाभळी-निंबाच्या लाकडाचा खांब-तुळयांचा सांगाडा. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचांची दाटी, वर काड्या-पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेरून दोन ते तीन फूट जाडीची दगडमातीची भिंत. अनेक घरांत छताचा मुख्य भार सांगाडा पेलतो. भिंत ऊन, पाऊस, चोर आणि शेजार यांच्यापासून राखण करते आणि तिच्या पोटात कोनाडे, दिवळ्या, बळद सामावून घेते.

या भिंतीचा बाहेरचा पदर आणि आतला पदर हे खरे तर दोन वेगळे पापुद्रे. मधली जागा लहान दगड आणि मातीने भरलेली. दोन्ही पदर एकमेकांना बांधून ठेवायचे तर भिंतीच्या पूर्ण जाडीइतके लांब दगड ठरावीक अंतरावर आरपार घालावे लागतात. चांगल्या चिरेबंदी वाड्यात जाणता पाथरवट ते घाली. सामान्य कुणब्याच्या घरात इतके लांब दगड आणायला ना पैसा असे, ना सवड. शेतातले गोलसर दगड गोळा करून भिंत उचलली जाई. अशी भिंत वर्षानुवर्षे उभी राहते, कारण तिच्यावर फक्त खाली दाबणारा भार असतो. बाजूने हिसका बसेपर्यंत तिचे दुखणे दिसत नाही.

मृगाच्या आधी

माळवदाचे आयुष्य दरवर्षीच्या कामावर चाले. उन्हाळ्यात, मृग लागण्याआधी माळवदावर चढून भेगा बुजवायच्या, उगवलेले गवत-रोपटी उपटायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या आणि पांढऱ्या मातीचा नवा हात द्यायचा. ही माती गावठाणाच्या पांढरीतून, पुष्कळदा ओस पडलेल्या गढीतून येई. ती पाणी झटकन ओघळून देते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. एखादी तुळई कुजली तर सुतार टेकू देऊन तेवढाच खण उतरवी, लाकूड बदली आणि खण पुन्हा चढवी. ढेलज, ओसरी, माजघर, देवघर अशी कामे एकेका उन्हाळ्याला एकेक होत. सगळे घर एकदम दुरुस्त करायला काढले, असे क्वचितच घडे.

या व्यवस्थेतच एक घातक गोष्ट दडलेली होती. दरवर्षी माती वर जाई, पण जुनी माती खाली उतरवण्याचा कष्टाचा भाग हळूहळू मागे पडला. गळले की टाक माती, असे होत गेले. थर वाढत दीड-दोन फुटांवर पोचले. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दीड फुटांहून थोडा जास्त थर धरला, तर साडेचार घनमीटर माती होते. तिचे वजन सुमारे सात टन. पावसात भिजलेली माती याहून जड. एवढे ओझे डोक्यावर घेऊन माणसे निवांत झोपत होती, कारण उन्हाळ्यात हेच ओझे घर गार ठेवी.

वाटणीचे खण

देखभाल मोडली ती दोन बाजूंनी. एक बाजू राजकीय आणि आर्थिक. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९मध्ये जहागिरी गेल्या, १९५०चा कूळकायदा आला. जमिनीवरची सत्ता ओसरली तशी मोठ्या वाड्यांची आणि गढ्यांची मिळकतही ओसरली. हे बदल न्यायाचेच होते. पण बलुत्यावर आणि वेठीवर चालणारी वाड्याची डागडुजी आता रोख मजुरीवर आली आणि रोख पैसा वाड्यात नव्हता. १९७२च्या दुष्काळाने उरलेसुरले कंबरडे मोडले. किनवट-माहूरच्या जंगलातला साग महाग झाला. शिकलेली मुले नांदेड, औरंगाबाद, पुणे, हैदराबादकडे गेली.

दुसरी बाजू घरातली. वाटणीत थोरल्याला ओसरीचे तीन खण, धाकट्याला माजघराचे दोन, मधल्याला ढेलजेकडची बाजू, असे घर कागदावर फाटे. सांगाडा मात्र एकच राही. मधली भिंत कोणाची, सामाईक माळवदावर माती कोणी टाकायची, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात सोडायचे, यावरून बोलणे खुंटे. एकाने आपले खण दुरुस्त करावेत आणि शेजारच्या बंद खणांतून पाणी मुरून त्याचीच भिंत फुगावी, असे होई. घर फिरले की वासे फिरतात, ही म्हण माळवदाच्या बाबतीत अगदी शब्दशः खरी ठरली.

३० सप्टेंबर १९९३

गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२च्या आसपास. जगातल्या मोठ्या भूकंपांशी तुलना केली तर ही मध्यम म्हणावी लागेल. तरी सुमारे आठ हजार माणसे गेली. त्याआधी, १९९२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीला लहान हादऱ्यांची मालिका बसली होती. ती थांबली. भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या. हा भाग तेव्हाच्या भारतीय नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात मोडत होता. नकाशा बदलला तो २००२मध्ये.

हादऱ्यात भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि बाहेर-आत कोसळले. अनेक ठिकाणी भिंती पूर्ण गेल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. अभियंत्यांनी ही बाब नोंदवली, पण गावकऱ्यांच्या मनात उरले ते वेगळेच : दगडाने माणसे मारली. न बांधलेली भिंत, छतावर साचत गेलेली माती आणि कुजलेले सांधे यांचा दोष दगड-मातीच्या साऱ्या घरांवर गेला. आपल्या माणसांना ढिगाऱ्याखालून काढणाऱ्याने दगडाची बाजू ऐकून घ्यावी, ही अपेक्षाही चुकीचीच होती.

एक नवी खोली

पुनर्वसनाची आठवण निघाली की आपल्याला आठवतात ती नव्या जागी वसवलेली ५२ गावे. सरळ रेषांचे रस्ते आणि जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे. पण जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या या कार्यक्रमाचा आकड्याने मोठा भाग वेगळाच होता. तेरा जिल्ह्यांतील पावणेदोन ते दोन लाख जुनी घरे जागेवरच दुरुस्त आणि बळकट करायची होती. नुकसानीच्या प्रतीनुसार १७,००० किंवा ३४,००० रुपये मदत होती. गावोगाव कनिष्ठ अभियंते नेमले गेले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सिमेंट किती, सळई कुठली, भिंतीला पट्टा कशाला, हे त्या घरोघर सांगू लागल्या. घराच्या बांधकामाविषयी बाईचे मत अधिकृतपणे विचारले जाणे ही मराठवाड्यात नवी गोष्ट होती.

दुरुस्तीचे तंत्रही तयार होते. अहमदाबादच्या ‘असाग’ या संस्थेत काम करणाऱ्या राजेंद्र आणि रूपल देसाई यांनी ते गावांत प्रत्यक्ष करून दाखवले. मुख्य कामे चार. माळवदावरची माती उतरवून थर साधारण एक वीत ठेवायचा आणि पाणी अडवायला मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा. भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे नसलेला बांधदगड आता घातला जातो. भिंतीला वरच्या बाजूने जाळी आणि सिमेंटचा सलग पट्टा द्यायचा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारून सांगाडा ताठ करायचा. यातले प्रत्येक काम एकेका खोलीत करता येते आणि ते चालू असताना कुटुंब शेजारच्या खोलीत राहू शकते. म्हणजे सुताराची खण उतरवण्याची जुनी रीतच अभियंत्यांच्या भाषेत परत आली होती.

तरीही बहुसंख्य लाभार्थ्यांनी ही दुरुस्ती केली नाही. मिळालेल्या पैशांत त्यांनी जुन्या घराला लागून किंवा परसात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. सरकारलाही ते मान्य करावे लागले. याला अडाणीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. १७,००० रुपयांत अख्खे घर बळकट होत नव्हते आणि अर्धे बळकट घर पाडेल की तारेल, याची हमी कोणी देत नव्हते. भिंतीत घातलेली सळई दिसत नाही, नवी खोली दिसते. शिवाय रात्री डोळा लागायला जी निर्धास्ती हवी, ती नव्या चार भिंतींत मिळत होती. एका सुरक्षित खोलीची निवड भित्रीही नव्हती आणि मूर्खपणाचीही नव्हती.

परिणाम मात्र दूरचा झाला. कुटुंबाचे झोपणे नव्या खोलीत गेले आणि जुने घर धान्याला, कडब्याला, गुरांना उरले. ज्या छताखाली कोणी झोपत नाही, त्यावर मृगाआधी माती टाकायला कोणी चढत नाही. भूकंपातून वाचलेली कितीतरी माळवदे पुढच्या वीस-पंचवीस पावसाळ्यांत पडली. आरपार दगड घालणारे गवंडी आणि खण उतरवणारे सुतार काम नसल्याने दुसऱ्या धंद्यांना लागले. दोन लाख घरांच्या दुरुस्तीतून दुरुस्तीची विद्या गावात रुजायला हवी होती; प्रत्यक्षात बहुतेक गावांत ती वाढीव खोलीपुरती राहिली.

आज हातात काय आहे

जमीन शांत झालेली नाही. २००६च्या अखेरीपासून खुद्द नांदेड शहराला काही वर्षे लहान हादरे बसत राहिले. विष्णुपुरीच्या विद्यापीठातील भूशास्त्र संकुलाच्या अभ्यासकांनी त्यांचा मागोवा घेतला. मार्च आणि जुलै २०२४मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेडपर्यंत जाणवले.

दुसरीकडे नोकरीतून निवृत्त झालेली, गावाकडे परतू पाहणारी एक पिढी जुने घर खोली-खोलीने नीट करायला घेते आहे. या कामाचा क्रम आपल्याला १९९३ने शिकवला आहे. आधी पाणी : पन्हाळी, पाया आणि काळ्या मातीत मुरणारा ओलावा. मग छताचे ओझे : दीड फुटांवरून एक वितीवर आणले, तर दहा बाय दहाच्या एका खोलीवरून तीन टनांहून अधिक वजन उतरते. मग भिंतीची बांधणी, मग सांधे. फरशी, रंग आणि कोरीव दार यांची पाळी त्यानंतर. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा होतो आणि आतली ओल आतच कोंडते. माळवद काढून त्याच मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकला जातो. जड छत आणि सुटी भिंत ही किल्लारीची जोडी त्यात नव्या रूपाने परत येते.

प्रत्येक माळवद वाचवायला हवे, असे इतिहास सांगत नाही. काही घरे उतरवून घेणेच शहाणपणाचे. पण जे घर राखायचे ठरले, त्याच्या भिंतीत आरपार दगड आहेत का, हे रंगाचा डबा उघडण्याआधी पाहिले पाहिजे. आणि घर वाटून घेतलेले असेल, तर छत सगळ्यांचे एकच आहे हे भावाभावांनी आधी एकत्र बसून मान्य केले पाहिजे. बहुतेक घरांत दुरुस्ती अडते ती या बैठकीपाशीच.