वाया जाणारा वेग

श्रोतेहो, शर्यतीची मोटार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तिचा वेग उभा राहतो. परंतु ज्यांनीं अशा मोटारी घडविल्या, त्यांना वेग वाढविण्याइतकीच चिंता तो आवरण्याचीही होती. ताशीं ३०० किलोमीटर धावणारी, सुमारें ६५० किलो वजनाची गाडी वळणापूर्वीं १०० किलोमीटरांवर आणावयाची झाल्यास जवळजवळ २० लाख ज्यूल शक्ति तिच्यांतून काढून घ्यावी लागते. त्यांतील कांहीं हवेच्या विरोधांत जाते; बाकीची ब्रेकच्या तबकड्या तापवून नाहींशी होते. पेट्रोल जाळून मिळविलेलें धन वळणावर उधळावें आणि पुढच्याच क्षणीं पुन्हां नवें कर्ज काढावें, असा हा व्यवहार आहे. तो सुधारण्याच्या खटपटीचा इतिहास आज मी सांगणार आहें.

प्रारंभीं वेगाच्या स्पर्धेंत विजेची सरशी होती. २९ एप्रिल १८९९ रोजीं कामिय जनात्झी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेच्या गाडींतून ताशीं १०५.८८ किलोमीटर वेग गांठला. शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार. परंतु विजेचा सांठा म्हणजे शिशाच्या जड बॅटऱ्या. गाडी मुख्यतः आपलेंच ओझें वाहूं लागे. व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यांतील फर्डिनांड पोर्शे या तरुणानें १९०० च्या सुमारास यावर तोड काढली. त्यानें चाकांच्या तुंब्यांतच विजेचीं चालकयंत्रें बसविलीं, आणि त्यांना वीज पुरविण्यासाठीं पेट्रोलचें इंजिन व जनित्र गाडींतच ठेवलें. १९०२ सालीं व्हिएन्नाजवळील एक्सेलबर्गच्या शर्यतींत अशाच संमिश्र गाडीनें तो आपल्या वर्गांत पहिला आला.

वाया जाणारी शक्ति सांठवावयाची कशांत, हा प्रश्न मात्र उरलाच. त्याचें एक उत्तर तेलाच्या दाबांत आहे. ब्रेक लावतांच चाकें पंप फिरवितात. पंप तेलाला पोलादी नळकांड्यांत रेटतो. तेथील नायट्रोजन वायु दबतो. पुन्हां वेग हवा असला कीं तोच वायु तेलाला मागें ढकलतो, आणि पंप स्वतःच चालकयंत्र होतो. २००६ सालीं अमेरिकेंत पार्सलें वाटणाऱ्या ट्रकवर ही योजना चालवून पाहण्यांत आली. घरोघर थांबणाऱ्या वाहनाला ती सोयीची होय.

हा भेद मी घरगुती भांड्यांवरून सांगतों. बॅटरी हा अरुंद तोंडाचा मोठा रांजण आहे. त्यांत पुष्कळ मावतें, पण भरावयास वेळ लागतो. तेलाचें नळकांडें हें रुंद तोंडाचें लहान पातेलें आहे. तें क्षणांत भरतें, पण त्यांत थोडेंच मावतें. शर्यतींत ब्रेक लागतो तो दोन-तीन सेकंद. तेव्हां पहिला लोंढा पातेल्यानें झेलावा आणि मग तो सावकाश रांजणांत ओतावा, ही कल्पना कोणाच्याही मनांत येईल. परंतु प्रत्येक वेळीं ओततांना कांहीं सांडतेंच, आणि दोन्ही भांड्यांचें वजन गाडीला वाहावें लागतें. आंखणी करणाऱ्याची खरी परीक्षा या हिशेबांत आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस मारिओ इलियन या स्विस यंत्रज्ञानें मॅक्लारेन संघासाठीं तेलाच्या दाबाची योजना आंखली. नियामक मंडळानें तिला मनाई केली. पुढें त्याच मंडळानें शक्ति परत मिळविण्यास मोकळीक दिली. २००८ सालीं चांचणीच्या वेळीं गाडीला हात लावतांच एका कामगाराला विजेचा धक्का बसून तो फेंकला गेला. नव्या विद्येला अशी किंमत द्यावी लागते. २००९ सालीं फॉर्म्युला वनच्या गाड्यांना प्रत्येक फेरींत ४ लाख ज्यूल, ६० किलोवॉटपर्यंत, वापरण्याची मुभा मिळाली. म्हणजे एका मोठ्या ब्रेकच्या शक्तीचा जेमतेम पांचवा हिस्सा, आणि साडेसहा सेकंदांचा जोर! २६ जुलै रोजीं हंगेरींत लुईस हॅमिल्टन अशा गाडींतून विजयी झाला. पण त्या वर्षींचें विजेतेपद ही योजना मुळींच न वापरणाऱ्या ब्रॉन संघानें मिळविलें, आणि २०१० सालीं सर्व संघांनीं आपसांत ठरवून ती बाजूला ठेविली. वजन वाढलें, पदरांत थोडें पडलें, असा व्यवहारी हिशेब तो. २०११ सालीं ती पुन्हां आली.

खरें उत्तर चोवीस तासांच्या शर्यतींत मिळालें. २०१२ सालीं ल मान्स येथें ऑडीच्या संमिश्र गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या. त्यांचीं मागचीं चाकें डिझेल इंजिनावर चालत. पुढचीं चाकें ब्रेकच्या वेळीं वीज निर्माण करीत. ती वीज बॅटरींत न सांठवितां मिनिटाला ४५,००० फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या एका चक्राच्या गतींत सांठविली जाई. रांजण नव्हे, पातेलेंही नव्हे. तें तिसरेंच भांडें!

श्रोतेहो, २०१० सालीं हिशेब तेथेंच मिटविला असता, तर या विद्येचें काय झालें असतें? एका वर्षाचा जमाखर्च पाहून तिला निरुपयोगी ठरविणारे शहाणे कमी नव्हते. सुदैवानें कांहीं कारागीर सांडलेलें मोजीत बसले, आणि भांडें बदलून पुन्हां भरावयास लागले. धांवणाऱ्याचें कौतुक सर्वच करतात. थांबतांना जें गमावतें तें वेंचून ठेवणाऱ्याचें कौतुक करण्यास आपण शिकलें पाहिजे.