रावसाहेब मंडलिक : मतदाराविना विधिमंडळात

रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) हे मुंबई उच्च न्यायालयातील वकील, धर्मशास्त्राचे भाषांतरकार आणि विधिमंडळाचे सदस्य. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड येथे झाला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. काही वर्षांनी सरकारी नोकरी सोडून ते वकिलीकडे वळले. १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केले.

१८७४ मध्ये ते मुंबईच्या, तर १८८४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या विधिमंडळावर नियुक्त झाले. ‘नियुक्त’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १८६७ पासून मिल्टनच्या पात्र मतदारांना, मालमत्तेची अट असली तरी, ओंटारिओच्या विधानसभेत आपला प्रतिनिधी धाडता येत होता. त्याच साम्राज्यात मंडलिकांना मात्र मतदारच नव्हते. १८६१ च्या कायद्यानुसार सभासदाने समोर आलेल्या विधेयकावर बोलावे, इतकीच मुभा होती. सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ नंतर आला. बहुमत हाती नसल्याने अभ्यास हेच अशा सभासदाचे बळ ठरे.

त्या अभ्यासाचे फळ म्हणजे नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर (१८८०). गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील वारसाहक्काच्या वादांत हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. संस्कृत न जाणणारे न्यायाधीश भाषांतरावरच विसंबत; त्यामुळे एका शब्दाच्या अर्थावर घरादाराचा निकाल अवलंबून असे. उदाहरणार्थ, मयूखाने आजीनंतर बहिणीला वारस मानले होते. ग्रंथाबरोबरच प्रत्यक्ष रूढीची माहितीही मंडलिकांनी जमवली.

रूढीचा हाच आदर पुढे त्यांची मर्यादाही ठरला. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध सरकारला साकडे घातले, तेव्हा मंडलिकांनी सरकारी हस्तक्षेपास विरोध केला. परक्या सत्तेने घरात शिरू नये, ही भूमिका समजण्याजोगी आहे. पण ज्या मुलींचा प्रश्न होता, त्यांना ना मत होते, ना विधिमंडळात आवाज. संमतिवयाचा कायदा मंडलिकांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये झाला.

त्यांचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आहे. लोकांच्या रूढी नीट जाणल्याशिवाय त्यांच्यासाठी कायदा करू नये, हा मंडलिकांचा आग्रह आजही रास्त वाटतो. मात्र त्या रूढीखाली दबलेल्यांचे म्हणणे कोणी ऐकायचे, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत अनुत्तरितच राहिला.