पाषाणघंटेच्या घराची कुळकथा

प्रागच्या जुन्या चौकात, किन्स्की राजवाड्याला खेटून, कोपऱ्यावर दगडी घंटा मिरवीत जे उंच, अरुंद, बुरुजासारखे घर उभे आहे, त्याची गॉथिक घाटाची ताशीव दर्शनी भिंत सुमारे तीन शतके गिलाव्याआड दडून होती, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी येणार नाही.

घराचे मूळ तेराव्या शतकातले. परंतु चौदाव्याच्या आरंभी त्याला जो थाट लाभला, तो एखाद्या सावकाराच्या ऐपतीतला खास नव्हे. टोकदार कमानींच्या भव्य खिडक्या, त्यांत कोरीव दगडी जाळ्या, मधल्या कोनाड्यांत सिंहासनस्थ राजाराणी व सशस्त्र रक्षक यांच्या मूर्ती आणि आत दोन प्रार्थनामंदिरे! प्रागचा गड 1303 च्या आगीत होरपळून वास्तव्यास निरुपयोगी झाला होता. तेव्हा 1310 मध्ये प्रेमिस्ल कुळातील एलिझाबेथचे पाणिग्रहण करून बोहेमियाच्या गादीवर आलेल्या लक्झेंबर्गच्या जॉनचा मुक्काम येथेच पडला असावा, हा अभ्यासकांचा कयास मला तरी सयुक्तिक वाटतो.

पुढे वास्तू नागरिकांच्या मालकीची झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस, बरोक शैलीची चलती असताना, गवंड्यांनी भिंतीबाहेर डोकावणारे कोरीवकाम छिन्नीने छाटले, खिडक्या बुजवल्या आणि मूर्तींचे, जाळ्यांचे तुकडे त्याच भिंतींत भर म्हणून घातले. फुकटचा दगड कोण टाकून देतो? मात्र त्यांच्या या काटकसरीनेच पुराव्याची राखण केली. मारिया थेरेसाच्या अमदानीत, 1770 मध्ये, शहरातील घरांना क्रमांक पडले; याच्या वाट्याला 605 आला, तरी ओळख घंटेचीच राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिलाव्याखालचा गॉथिक दगड हाती लागला आणि 1975 ते 1987 या काळात जीर्णोद्धार झाला. भिंतींतून निघालेले हजारो तुकडे ताडून पाहत मूळ रचनेचा मेळ बसवण्यात आला. त्यासाठी नंतरच्या पिढ्यांनी चढवलेला दर्शनी साज उतरवावा लागला. तोही इतिहासच होता, ही तक्रार रास्त आहे. पण जेथे मूळ रूपाची साक्ष कल्पनेने नव्हे, प्रत्यक्ष दगडाने दिली, तेथे हा सौदा मी खोटा म्हणणार नाही.

आज येथे प्राग शहराच्या कलावीथीची प्रदर्शने भरतात. त्या चौकात 1410 च्या खगोलीय घड्याळापाशी गर्दी करणाऱ्या वाचकाने चौक ओलांडून या घराकडेही अवश्य जावे.