संपर्कमापन

कामगाराच्या शरीरात घातक द्रव्य किती जाते, हे मोजण्याचे शास्त्र. श्वासावाटे जाणाऱ्या द्रव्याची मोजणी त्याच्या नाकाजवळच व्हायला हवी. 1960 मध्ये इंग्लंडमधील शेरवूड व ग्रीनहाल्घ यांनी अंगावर बाळगायचा छोटा पंप पुढे आणला, तो याचसाठी. एका जागी ठेवलेले यंत्र कामगारासोबत फिरत नाही. दगड फोडणाऱ्याच्या कमरेला पंप आणि कॉलरला गाळणी लावली, की पाळीअखेर तिच्यावर साठलेल्या करड्या धुळीतील सिलिका मोजता येते. एका दिवसावरून वर्षानुवर्षांचा संपर्क कसा कळणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अनेक दिवसांच्या नोंदी कामाच्या इतिहासाशी जोडतात. हवेऐवजी रक्त तपासून संपर्क मोजावा म्हटले, तर त्यात शिसे सापडते, सिलिका मात्र फुप्फुसात रुतून बसते. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा करणारे औषध नाही.