गळाची निवड : ‘मानसोल्लास’ ते चेंबूरचा खाडीकाठ – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
मासेमारीच्या इतिहासलेखनात जाळे व होडी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे गळाला मिळालेले नाही. भारतातील गळाच्या मासेमारीचा इतिहास बहुधा हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या १८७३ मधील ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथापासून सांगितला जातो. हा आरंभ कितपत ग्राह्य आहे, याचा विचार चेंबूर परिसरातील खाडीकाठाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

सॅमन आणि रावस
युरोपात छंद म्हणून केल्या जाणाऱ्या मासेमारीत सॅमनला मानाचे स्थान आहे. अंडी घालण्यासाठी तो समुद्रातून नदीत चढतो आणि नदीत आल्यावर अन्न घेणे जवळजवळ थांबवतो. त्यामुळे त्याच्यासाठी पिसे व धागे गुंडाळलेला, ‘फ्लाय’ नावाचा गळ वापरतात. शरद ऋतूत पाणी थंड होऊन चढू लागले की मोठा गळ, आणि उथळ, उबदार पाण्यात लहान गळ, असा सर्वसाधारण संकेत आहे. १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या इंग्रजी प्रबंधात शिवणकामाच्या सुया तापवून, वाकवून गळ कसे करावेत हेही सांगितले आहे.

मुंबईच्या बाजारातील रावसालाही इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. मात्र या दोन माशांची कुळे भिन्न आहेत. रावस समुद्रात व खाडीत राहतो आणि कोळंबी व लहान मासे खातो. अशा माशासाठी गळ निवडताना आमिष आणि माशाचे तोंड यांचा विचार आधी करावा लागतो. नाव उसने मिळाले, तरी गळाचे ज्ञान उसने घेता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

‘मानसोल्लास’चा पुरावा
कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (इ. स. ११३० च्या सुमारास) ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची साधने यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. उपरोक्त इंग्रजी प्रबंधाहून हा ग्रंथ साडेतीन शतकांहून अधिक जुना आहे. तथापि, तो राजाच्या करमणुकीचा ग्रंथ आहे. उपजीविकेसाठी गळ टाकणाऱ्याचा अनुभव त्यात शोधणे योग्य ठरणार नाही.

चेंबूरचा खाडीकाठ
हा अनुभव माहुल व ट्रॉम्बे येथील कोळीवाड्यांसारख्या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या तोंडी जपला गेला. १९५० च्या दशकापासून येथे तेलशुद्धीकरण कारखाने, अणुसंशोधन केंद्र व पुढे खत कारखाना उभा राहिला आणि काठाचे स्वरूप पालटले. मराठीत ‘गळ’ व ‘गरी’ हे शब्द, तसेच ‘गळ घालणे’, ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार टिकून आहेत. परंतु कोणत्या माशाला, कोणत्या भरतीला, कोणत्या आमिषासह कोणती गरी, हे तपशील मात्र जाणत्यांबरोबर लुप्त होण्याचा धोका आहे.

निष्कर्ष
थॉमस यांचा ग्रंथ महत्त्वाचा असला, तरी तो आरंभबिंदू नव्हे. दरबारी ग्रंथ आणि वसाहतकालीन ग्रंथ यांच्यामधील मोठी पोकळी कोळी समाजाच्या मौखिक ज्ञानानेच भरून निघू शकते. उपनगरातील महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन वृद्ध मच्छीमारांच्या मुलाखती घेणे आणि जुन्या गळांचे नमुने स्थानिक नावांसह जतन करणे निकडीचे आहे. लेखी साधने ग्रंथालयांत आणखी काही काळ वाट पाहू शकतील. माणसांच्या स्मरणातील साधनांना तेवढा अवधी नाही.